रात्र, वाफ आणि रचलेली स्मृती

छायाचित्राच्या मीमांसेत एक गृहीत वारंवार आढळते : छायाचित्र हा घडून गेलेल्या वस्तुस्थितीचा पुरावा होय. रोलां बार्थ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात छायाचित्राचे सारतत्त्व चित्रित वस्तू कधीकाळी भिंगासमोर खरोखर होती, या प्रत्ययात शोधले. अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक (१९१४–२००१) याची वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे या गृहीताची कसोटी पाहतात.

लिंक शिक्षणाने स्थापत्य अभियंता, व्यवसायाने जाहिरातींचा छायाचित्रकार. जानेवारी १९५५ मध्ये कामानिमित्त तो व्हर्जिनियातील स्टॅन्टन येथे गेला असता जवळच्या वेन्सबरो येथे त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची गाडी रात्री टिपली. अमेरिकेतील इतर मोठ्या रेल्वे कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या. परंतु कोळशाच्या वाहतुकीवर पोसलेली ही कंपनी रोअनोक येथील स्वतःच्या कारखान्यात इंजिने बांधून वाफेवरच विसंबून होती. मे १९६० मध्ये तेथील वाफेचे युगही संपले. तोवर लिंकजवळ सुमारे २,४०० निगेटिव्हज जमल्या होत्या. गाड्यांचे आवाजही त्याने ध्वनिमुद्रित करून ठेवले होते.

त्याच्या गाजलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेक रात्रीची आहेत, आणि ही निवड निव्वळ भावुकतेतून आलेली नाही. सूर्य हवा तेथे सरकवता येत नाही. अंधारात मात्र प्रकाशाची सर्व योजना छायाचित्रकाराच्या स्वाधीन राहते. रुळांच्या कडेला, घरांत, झाडांआड लावलेले फ्लॅशबल्ब तारांनी एका माळेत जोडलेले असत. त्यांतला एक निकामी निघाला तरी एकही पेटत नसे. पेटलेला बल्ब पुन्हा वापरता येत नसे आणि निघून गेलेली गाडी परत येत नसे. या खटाटोपातून निर्माण होणारा प्रकाश क्षणाच्या अल्पांशापुरताच असे. छायाचित्रातली ती उजळलेली रात्र, ती शुभ्र गोठलेली वाफ, त्या गावांतील रहिवाशांनी तशी कधीच पाहिलेली नव्हती. ज्याला आपण स्मृती म्हणतो ते दृश्य येथे कोणाच्याच अनुभवाचा भाग नव्हते.

वेस्ट व्हर्जिनियातील येगर येथे २ ऑगस्ट १९५६ रोजी घेतलेल्या छायाचित्रात हा पेच अधिक तीव्र होतो. उघड्यावरील चित्रपटगृह; रांगेने उभ्या मोटारी; पुढच्या मोटारीत एक तरुण जोडपे; पडद्यावर जेट विमान; आणि मागून वाफ सोडत जाणारी मालगाडी. ४० हून अधिक फ्लॅशबल्बच्या झोतात पडद्यावरील चित्र पुसले गेले होते. विमान नंतर दुसऱ्या निगेटिव्हमधून बसवण्यात आले. जोडपेही योजून बसवलेले, मोटार लिंकची स्वतःची. काटेकोर पुराव्याच्या दृष्टीने हे चित्र सदोष ठरेल. परंतु मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर त्याची संघटना विरोधलयीवर उभी आहे : रेल्वेचे प्रवासी ओढून नेणारी मोटार आणि विमान ही दोन्ही वाहने इंजिनाच्या सोबतीने एकाच चौकटीत आली आहेत. विमान उपरे असले, तरी त्यातून व्यक्त होणारा ऐतिहासिक संबंध खोटा नाही.

मात्र एवढ्यावर थांबणे म्हणजे रचनेच्या कौशल्यापुढे मान तुकवणे होईल. जो प्रकाश योजतो तो अंधारही योजतो. लिंक व्हर्जिनियात वावरत होता त्याच काळात, १९५८–५९ मध्ये, कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून त्या राज्यातील काही सार्वजनिक शाळा बंद करण्यात आल्या. प्रिन्स एडवर्ड परगण्यातील शाळा १९५९ पासून १९६४ पर्यंत बंद राहिल्या. कोळशाच्या पट्ट्यात यंत्रे येत होती आणि खाणकामगारांचे काम जात होते. लिंकच्या सर्वपरिचित चित्रांतील नीटनेटक्या ओसऱ्या, दुकाने आणि पोहण्याचे डोह यांवर या अस्वस्थतेची सावली पडत नाही. जाहिरातीच्या व्यवसायातून आलेले हे नेटकेपण स्मरणाला स्मरणरंजनाकडे ओढते. येथे विमान बसवण्यापेक्षा माणसे वगळली जाणे हा अधिक गंभीर हस्तक्षेप ठरतो.

तरीही या चित्रांत एक तपशील असा आहे की जो रंजनाला पुरता वश होत नाही. येगरच्या छायाचित्रात गाडीकडे कोणीही पाहत नाही. जोडप्याचे लक्ष पडद्याकडे आहे. ही नजरही योजलेलीच. पण तिच्यातून व्यक्त होणारे सत्य लिंकच्या स्वतःच्या शोकाला छेद देणारे आहे. रोजची वस्तू नाहीशी होत असताना तिच्या सहवासात राहणारा माणूस बहुधा दुसरीकडेच पाहत असतो. आज रोअनोकच्या जुन्या रेल्वे स्थानकात, २००४ पासून, लिंकच्या छायाचित्रांचे संग्रहालय आहे. तेथे येणारा प्रेक्षक ज्या वस्तूकडे डोळे लावून उभा राहतो, तिच्याकडे चित्रातील माणसांनी पाठ फिरवलेली असते. या छायाचित्रांचे मोल ठरवताना प्रेक्षकाची ही एकाग्रता आणि त्या माणसांची बेफिकिरी या दोहोंतील अंतर मोजावे लागते. ते अंतर विसरले की उरते ते केवळ वाफेचे वैभव.