बाजारबुणगे : एका शब्दाचा हिशेब

मराठेशाहीच्या बखरी व पत्रे वाचताना युद्धाचा लाभ आपण सरदारांच्याच नावे मांडतो : खंडणी, चौथाई, जहागिरी. जयपूरचे प्रकरण हा हिशेब अपुरा ठरवते. खंडणीच्या तगाद्यापुढे हतबल होऊन ईश्वरसिंगाने डिसेंबर १७५० मध्ये आत्मघात केला. होळकरांच्या बळावर माधोसिंग गादीवर आला. जानेवारी १७५१ मध्ये शहर पाहण्यास व खरेदीस आत गेलेल्या मराठ्यांवर नगरवासी तुटून पडले. हजारो मारले गेले.

ते सारेच लढवय्ये नव्हते. लष्करामागे वाणी, सराफ, कारकून, चाकर चालत. रसद, हुंडी आणि लुटीच्या मालाची खरेदी-विक्री यांवर त्यांची उपजीविका चाले. भाषेने त्यांना 'बाजारबुणगे' हे हेटाळणीचे नाव दिले. पानिपतच्या पराभवाची मीमांसा करताना ते हटकून आठवते, विजयाच्या वर्णनात क्वचितच. जयपूरने सरदार आणि बुणगा असा भेद केला नाही. तो आपल्या लेखनाने केला. युद्धावर पोट भरणाऱ्या सामान्याचा नफा आणि त्यासाठी त्याने मोजलेली किंमत, दोन्ही या एका शब्दाआड गेली आहेत. ऐतिहासिक गद्याच्या अभ्यासकाने त्यांचा शोध घेतल्यावाचून त्या काळाचे वाचन पुरे होणार नाही.