सीमाभागातील भित्तिपत्रके : संग्रह आणि मुद्रण

ज्या वस्तूचे आयुष्य तिच्या कर्त्यानेच एका रात्रीपुरते ठरवून दिलेले असते, जी खळ लावून भिंतीवर डकविली जाते आणि खेळ संपताच दुसऱ्या कागदाखाली गाडली जाते, त्या भित्तिपत्रकाचा संग्रह करणे हा वरकरणी विसंगत वाटणारा उद्योग आहे. तथापि एखाद्या काळातील लोकांचे रंजन कसे होत असे हे जाणून घेण्यास ग्रंथापेक्षा असा कागद पुष्कळदा अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरतो. कारण ग्रंथ उत्तरकालीन वाचकावरही दृष्टी ठेवून लिहिला जातो, भित्तिपत्रकाला मात्र त्याच संध्याकाळी त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबवावयाचे असते, आणि त्या माणसाची भाषा, ऐपत, भक्ती व हौस यांविषयी चुकीचा अंदाज बांधणे त्याला परवडत नाही. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत या कलेची आज जी अवस्था आहे तिचा विचार करू लागले की दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात : जुनी पत्रके कोण जपतो, आणि ती ज्या रीतीने छापली गेली ती रीत कोणाच्या हाती उरली आहे.

पत्रके जपण्याच्या व पारखण्याच्या विद्येला प्रतिष्ठा कशी प्राप्त होते हे पाहावयाचे तर अमेरिकेतील उदाहरण उपयोगी पडते. सॅन फ्रान्सिस्को येथे १९६६ पासून बिल ग्रॅहॅम यांनी फिलमोर नाट्यगृहात रॉक संगीताच्या मैफली नियमितपणे भरविण्यास आरंभ केला, आणि त्यांच्यासाठी व ॲव्हलॉन नृत्यगृहातील ‘फॅमिली डॉग’ मंडळींसाठी वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन आदी चित्रकारांनी जी पत्रके रेखाटली, त्यांत अक्षर हेच चित्र झाले. विल्सन यांनी व्हिएन्ना येथील आल्फ्रेड रोलर यांच्या अक्षरवळणाला नवे रूप दिले. मोस्कोसो यांनी येल विद्यापीठात योसेफ आल्बर्स यांच्यापाशी घेतलेले रंगशिक्षण उलटे फिरवून परस्परविरोधी रंग असे शेजारी बसविले की वाचणाऱ्याचे डोळे दिपावेत. परंतु या पत्रकांना पुढे जी किंमत आली तिचे श्रेय केवळ चित्रकारांचे नव्हे. ती अनुक्रमांक देऊन छापली गेली, आणि मैफलीपूर्वीची पहिली आवृत्ती कोणती व मैफलीनंतर विक्रीकरिता काढलेली दुसरी कोणती, हा भेद संग्राहकांनी कागदाची जाडी, शाईची छटा, तळाची ओळ अशा पुराव्यांवरून निश्चित केला. नॅशव्हिल येथील १८७९ साली स्थापन झालेला ‘हॅच शो प्रिंट’ छापखाना आजही लाकडी टाइपावर गायकांची पत्रके छापतो. बाल्टिमोरचा ‘ग्लोब’ २०१० साली बंद पडला, तेव्हा त्याचे टाइप आणि ठसे तेथील कलामहाविद्यालयाने पुढील वर्षी आपल्या ताब्यात घेऊन विद्यार्थ्यांच्या हाती दिले. संग्राहकाच्या दृष्टीने जेथे छपाईला मोल आले, तेथे छपाईचा हुन्नरही जगला.

रॉक संगीत आपल्याकडे आलेच नाही असे नाही. १९७१ साली लोणावळ्यानजीक मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ झाली, आणि १९८६ पासून मुंबईच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. ज्या मळवलीस राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणाचा छापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेण्यात आला होता, तेथेच ही यात्रा भरावी हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परंतु बीदर-कलबुर्गीच्या रसिकाला रात्र जागविण्याची निमित्ते वेगळी होती. कलबुर्गीस ख्वाजा बंदेनवाज यांच्या उरुसातील कव्वाली, शरणबसवेश्वराच्या जत्रेत तंबू ठोकणाऱ्या कन्नड नाटक कंपन्या, आणि हुमनाबादजवळ माणिकनगर येथे दत्तजयंतीस भरणारा माणिकप्रभूंचा संगीत दरबार, हे या प्रदेशाचे खरे महोत्सव होत. मराठी आणि कन्नड रंगभूमी येथे परक्या नव्हत्या. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ साली हुबळीस स्थापन झाली. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी नाटकांत गाजले, आणि मल्लिकार्जुन मन्सूर बालपणी वामनराव मास्तरांच्या कन्नड कंपनीत गात होते. अशा भूमीत जाहिरात छापणाऱ्याला एकाच लिपीचा आश्रय करून भागत नसे.

हीच गोष्ट छपाईच्या तंत्राशी जाऊन भिडते. मराठीचा बाळबोध आणि कन्नड लिपी या दोहोंना खिळे होते. निर्णयसागरने मराठीची आणि मंगळूरच्या बासल मिशन छापखान्याने कन्नडची मुद्रा सुघड केली होती. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; तेथील दरबारी भाषा उर्दू, आणि उर्दूचे नस्तालीक वळण खिळ्यांत नीट बसत नाही, म्हणून कातिबाने, म्हणजे सुलेखनकाराने, विशिष्ट शाईने कागदावर लिहावे, ते दगडावर उतरवावे आणि दगडावरून छापावे, ही शिलामुद्रणाची वाट उर्दूने धरली. चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर तेलकट रेघ ओढली, तो गोंद व सौम्य आम्लाच्या मिश्रणाने माखला आणि पाण्याने ओला ठेवला, म्हणजे पाणी कोऱ्या भागात राहते व शाई रेघेलाच चिकटते. या एका रासायनिक वैरावर ती सारी कला उभी आहे. जुळाऱ्याला तीन लिप्यांसाठी तीन केसांतील खिळे, त्यांच्या भिन्न उंची आणि भिन्न रुंदी यांचा मेळ घालावा लागे. दगडावर मात्र तिन्ही लिप्या एकाच हाताच्या लेखणीतून उतरू शकत. यामुळे या भागातील बहुलिपी पत्रकाचे सौंदर्य पारखताना, तो कागद खिळ्यांचा की दगडाचा, हा प्रश्न चित्र कोणाचे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. मोस्कोसोंना जे अक्षरचित्र शोधून काढावे लागले, ते अष्टूरच्या बहमनी थडग्यांत आणि महमूद गावानच्या मदरशावर कोरीव व रंगीत अक्षरे पाहत वाढलेल्या बीदरकराला वारशाने मिळालेले होते.

या प्रदेशाने भित्तिपत्रकाच्या कलेला जो थोर पुरुष दिला तो म्हणजे १९१६ साली गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, जन्मलेले एस. एम. पंडित. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन त्यांनी एमजीएम कंपनीच्या चित्रपटांची शो-कार्डे, ‘फिल्मइंडिया’ मासिकाची चित्रे, हिंदी चित्रपटांची पत्रके आणि पुढे पौराणिक विषयांची कॅलेंडरे रंगविली. उत्तरायुष्यात ते पुन्हा गुलबर्ग्यास आले आणि १९९३ साली निवर्तले. अपारदर्शक जलरंगात त्यांनी जे साधले ते त्यांच्या समकालीनांत क्वचितच कोणाला साधले : मुखाच्या कडेने पाठीमागून येणारा प्रकाश, कांतीवरील सोनेरी झाक, आणि तिला उठाव देणारी निळसर सावली यांच्या संयोगाने त्यांची नायिका कागदापासून सुटून पुढे सरकल्यासारखी भासते. बाबुराव पेंटरांनी कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवून मग चित्रपटाच्या पत्रकाकडे यावे, पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवावेत, सोलापूरच्या यल्ला-दासी यांनी फलकचित्रणाला स्वतःची शैली द्यावी, या दक्षिणी परंपरेत पंडितांचे स्थान आहे; परंतु पडद्याची नाट्यमयता आणि कलाशाळेची शरीररचना यांचा समतोल त्यांच्या ठायी अधिक आढळतो.

तथापि पंडितांच्या कीर्तीतच आपल्या संग्रहदृष्टीचा दोष उघड होतो. त्यांचे मूळ चित्र ही एक वस्तू, आणि चौकात लागलेले पत्रक ही दुसरी. जलरंगातील ती अखंड दीप्ती छापण्यासाठी रंगारंगांत विभागावी लागे. प्रत्येक रंगाकरिता वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा तयार करून त्यावर ठिपक्याठिपक्यांनी छाया उभारावी लागे, आणि एक रंग केसभर सरकला तरी ओठ गालावर जाई. हे काम करणारा कारागीर अनामिक राहिला. ज्यास आपण पंडितांचे पत्रक म्हणतो ते वस्तुतः दोघांचे कृत्य आहे, आणि त्यांतील दुसऱ्याचा हात ओळखावयास लागतो तो छापील कागदच. कलबुर्गीत डॉ. एस. एम. पंडित यांच्या नावाचे रंगमंदिर उभे आहे, त्यांच्या तैलचित्रांना योग्य तो मान मिळतो; छापील पत्रकाकडे मात्र मूळ चित्राची दुय्यम नक्कल म्हणूनच पाहिले जाते. एका भित्तिपत्रककाराच्या गौरवातून भित्तिपत्रक वगळले जावे, ही आपल्या अभिरुचीवरील कठोर टीका आहे.

वास्तविक पाहता पारखण्यासाठी लागणारे पुरावे या भागातील कागदावर विपुल असतात. तिकिटाचा दर निजामाच्या हाली सिक्क्यात असेल तर तो कागद निजामी अंमलाच्या छायेतला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कलदार आणि हाली असे दोन्ही दर असतील तर कंपनीची नजर सरहद्दीपलीकडील प्रेक्षकावरही होती असे अनुमान करता येते. आणे आहेत की नवे पैसे, यावरून १९५७ च्या अलीकडचा की पलीकडचा हे ठरते, आणि ‘नवे’ हे विशेषण १९६४ साली गळाले असल्याने मधली सात वर्षे जवळजवळ बिनचूक सापडतात. उदगीर किंवा निलंगा हे गाव बीदर जिल्ह्यात दाखविले असेल तर कागद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वीचा. शासकीय पत्त्यात गुलबर्गा जाऊन कलबुर्गी आले असेल तर तो २०१४ च्या नोव्हेंबरनंतरचा. उर्दू मथळा वर आहे की खाली सरकला आहे, यावरून सत्तांतराची चाहूल लागते. जाहीर सभांना पूर्वपरवानगीचे बंधन घालणारी १९२९ ची गश्ती निशाण ५३ ज्या मुलखात लागू होती, तेथे लोकांना एकत्र बोलावणारा प्रत्येक छापील कागद सरकारी नजरेखाली निघत असे, हेही विसरता येत नाही.

आजचा संग्राहक या पुराव्यांकडे क्वचित वळतो. मुंबईच्या बाजारात जुन्या चित्रपटपत्रकांना गिऱ्हाईक आहे. परंतु मागणी नटनटीच्या चेहऱ्याला आणि चित्रपटाच्या नावाला असते. त्यामुळे तीस इंच बाय चाळीस इंचांच्या चित्रपटपत्रकाला चौकट लाभते, आणि नाटक कंपनीचे, कव्वालीचे अथवा गायनाचे रंगीत पातळ कागदावरील हस्तपत्रक रद्दीच्या तागडीत पडते. पुनर्मुद्रण करणारे संगणकीय प्रत काढताना तळाची मुद्रकाची ओळ सरसकट कापतात आणि प्रत नवी असल्याची नोंदही करीत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत ज्या भेदावर सारी विद्या उभी राहिली, तो भेदच येथे पुसला जातो.

सार्वजनिक संस्थांचा हिशेबही समाधानकारक नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, पी. के. नायर यांच्या अभ्यासपूर्ण आस्थेने वाढले आणि तेथे चित्रपटपत्रके जपली गेली. रंगभूमीच्या आणि मैफलीच्या पत्रकांना असे घर लाभले नाही. ग्रंथ ग्रंथालयांत जमा करण्याच्या १९५४ च्या कायद्यात ग्रंथाच्या व्याख्येत नकाशा, तक्ता आणि संगीतलिपीचे पान येते, भित्तिपत्रकाचा उल्लेख नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे स्थळ देण्याची सक्ती तरी केली होती. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरता आहे. सीमाभागाची अडचण याहून खोल आहे. हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन झाल्यावर त्याच्या स्मृतीचेही त्रिभाजन झाले : मराठीचा अभ्यासक पुण्याकडे, कन्नडचा बंगळूरकडे आणि उर्दूचा हैदराबादकडे पाहू लागला. ज्या कागदावर तिन्ही लिप्या आहेत तो प्रत्येक दप्तरात अपुरा वाटतो, आणि म्हणूनच कोणत्याही दप्तरात त्याची नोंद होत नाही.

छपाईची स्थिती सांगावयास फार शब्द नकोत. ट्रेडल यंत्रे मोडीत निघाली, शिशाचे खिळे वजनावर विकले गेले, ऑफसेटचे मोठे काम शिवकाशीसारख्या दूरच्या गावी गेले, आणि जत्रेच्या कमानीवर आता फ्लेक्स झळकतो. फ्लेक्सचा द्वेष करण्याचे कारण नाही. त्याने छोट्या मंडळालाही आपला चेहरा चौकात लावण्याची ऐपत दिली. दोष आहे तो त्याच्या अक्षरांत. संगणकाने सर्व लिप्या सुलभ केल्या असताना फलकावरील मराठी, कन्नड आणि उर्दू अक्षरे एकमेकांची दखल न घेता केवळ शेजारी टाकलेली दिसतात. त्यांची जाडी, उंची आणि वळण यांचा मेळ घालणारी नजर शिक्षणातून निघून गेली आहे. साधन सुधारले आणि कसब ओसरले, असा हा व्यवहार आहे.

उपाय अवाढव्य खर्चाचा नाही. कलबुर्गी येथे, पंडितांच्या नावाच्या छत्राखाली, भाषेनुसार नव्हे तर मुद्रणरीतीनुसार लावलेला एक संग्रह व्हावा : दगडावरचे, खिळ्यांवरचे, जस्ताच्या ठशाचे, ऑफसेटचे आणि फ्लेक्सचेही; प्रत्येक कागदाशेजारी त्याचा काळ कशावरून ठरविला याची नोंद असावी, आणि एखादे यंत्र चालते ठेवून अक्षरकलेच्या विद्यार्थ्यांना तीन लिप्यांचे एक पत्रक स्वतः जुळवावयास लावावे. पुनर्मुद्रण अवश्य करावे, परंतु मूळ मुद्रकाचे नाव राखून आणि नव्या प्रतीचा क्रमांक व वर्ष छापून. असे झाले तर संग्राहकाचा पैसा छापणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचेल. ते होईपर्यंत आपण भित्तिपत्रके जपतो असे म्हणण्यात अर्थ नाही. आपण त्यांवरील चेहरे तेवढे जपतो.