एकपात्री रंगाविष्कार आणि माजी सत्ताधीशाचे सोंग : एक तौलनिक आकलन

प्रास्ताविक

मराठी रंगभूमीवर एकपात्री प्रयोगाला स्वतंत्र प्रतिष्ठा आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली आणि एक नट, काही जुजबी वस्तू व समोरचा प्रेक्षक एवढ्या सामग्रीवर पूर्ण लांबीचा प्रयोग रंगू शकतो, हे सिद्ध झाले. पुढे सदानंद जोशी यांचा 'मी अत्रे बोलतोय', राम नगरकर यांचे 'रामनगरी', प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' अशी ही परंपरा विस्तारत गेली. मराठवाड्याच्या दृष्टीने तर ती विशेष जिव्हाळ्याची आहे, कारण तिचा एक सर्वाधिक लोकप्रिय आविष्कार याच विभागाच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्राच्या प्राध्यापकाने घडविला.

या समृद्ध परंपरेत एक जागा मात्र रिकामी दिसते. चाळकरी, शेतकरी, न्हावी, शिक्षक, लग्नाचे वऱ्हाडी असे सगळे मराठी एकपात्री प्रयोगात येऊन गेले. सत्तेच्या सर्वोच्च पदावर बसलेला वा तेथून नुकताच उतरलेला माणूस सहसा आला नाही. अमेरिकेत २००९ मध्ये विल फेरेल या विनोदी नटाने नुकत्याच पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्षाचे सोंग घेऊन ब्रॉडवेवर प्रयोग केले. मुंबईत २०२५ मध्ये एका विनोदकाराच्या एकट्याच्या कार्यक्रमातील माजी मुख्यमंत्र्यांवरील टिप्पणीमुळे प्रयोगस्थळाची मोडतोड झाली. या दोन घटनांच्या प्रकाशात आपल्या परंपरेतील ही रिकामी जागा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोंग : एक देशी संकल्पना

एकपात्री उपहासाचा विचार करताना 'सोंग' हा आपला शब्द अधिक उपयुक्त ठरतो. नक्कल ही आवाजाची व लकबीची असते. सोंग संपूर्ण व्यक्तीचे असते. सोंग घेणारा काही काळ ती व्यक्ती होतो, आणि तरीही तो ती व्यक्ती नाही हे पाहणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक असते. गावात पोलिसाच्या वेषात येऊन दारोदार दरडावणारा बहुरूपी हे याचे परिचित उदाहरण होय. खोट्या पोलिसाला हसताना गावकरी खऱ्या पोलिसाच्या धाकालाही थोडे हसून घेतो.

या संदर्भात संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांचा निर्देश आवश्यक ठरतो. जालना जिल्ह्याच्या शेजारच्याच पैठणात नाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव अशा लोकव्यक्तींच्या मुखातून बोलणारी भारुडे रचली. त्याचबरोबर 'अर्जदस्त', 'जाबचिठ्ठी', 'ताकीदपत्र', 'अभयपत्र' अशी सरकारी कागदांच्या घाटाची भारुडेही रचली. त्यांचा आशय आध्यात्मिक असला, तरी दरबारी कागदाची भाषा लोकांसमोर आणून तिला वेगळ्याच कामाला लावणे ही कृती लक्षणीय आहे. सत्तेचे सोंग घेण्याची बीजे आपल्याच भूमीत होती, हा निष्कर्ष त्यावरून काढता येतो.

'माजी' या शब्दाचा अर्थ

पायउतार झालेल्या माणसाची थट्टा करण्यात धाडस कोणते, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. मराठी नाट्येतिहासात त्याचे एक उत्तर मिळते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी त्यातील कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला. कर्झन १९०५ मध्येच व्हाइसरॉयपद सोडून मायदेशी परतला होता. म्हणजे हे रूपक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या वेळीच माजी झालेल्या सत्ताधीशावर होते. तरीही १९१० मध्ये, कर्झनला जाऊन चार वर्षे उलटून गेल्यावर, सरकारने या नाटकावर बंदी घातली. बंदीसाठी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा हाताशी होता. त्या कायद्याचा उगमही उपहासातच होता : ब्रिटिश युवराजाच्या कलकत्ता भेटीत त्याचे अतिउत्साहाने स्वागत करणाऱ्या एका प्रतिष्ठिताची खिल्ली उडविणाऱ्या बंगाली प्रहसनानंतर तो आणला गेला. केंद्र सरकारने तो रद्द केला तो थेट जानेवारी २०१८ मध्ये.

'कीचकवध' हे प्रहसन नव्हे व एकपात्रीही नव्हे. पण त्याच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. माणूस माजी होतो, पद माजी होत नाही. कर्झन गेला तरी व्हाइसरॉयची खुर्ची तेथेच होती, आणि बंदी त्या खुर्चीने घातली. म्हणून माजी सत्ताधीशावरील उपहास हा पडलेल्याला लाथ मारण्याचा प्रकार आहे असे सरसकट म्हणता येत नाही. तो पदाचा हिशेब मागतो काय, हीच त्याची खरी कसोटी ठरते.

विल फेरेल : राष्ट्राध्यक्षाचे सोंग

'यू आर वेलकम अमेरिका : अ फायनल नाइट विथ जॉर्ज डब्ल्यू. बुश' हा विल फेरेल लिखित आणि अ‍ॅडम मॅके दिग्दर्शित प्रयोग न्यूयॉर्कच्या कोर्ट थिएटरमध्ये फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाला. बुश २० जानेवारी २००९ रोजी पायउतार झाले होते; म्हणजे मधे पुरता महिनाही गेला नव्हता. मार्चमध्ये प्रयोगांची मालिका संपली आणि एचबीओ वाहिनीने प्रयोगाचे थेट प्रक्षेपण केले. टोनी पुरस्कारांत विशेष नाट्यघटना या विभागात त्याला नामांकनही मिळाले. फेरेल बुशचे सोंग दूरचित्रवाणीवर अनेक वर्षे करीत होता. रंगमंचावर काही सहायक कलावंत होते. पण प्रयोगाचा सर्व भार एका नटाच्या एकाच सोंगावर होता.

या प्रयोगाचे बलस्थान त्याच्या निवेदनपद्धतीत आहे. फेरेल बुशविषयी बोलत नाही, बुश होऊन बोलतो. माजी राष्ट्राध्यक्ष निरोप घ्यायला आला आहे, आपली कारकीर्द आपल्याच तोंडाने सांगतो आहे आणि सांगताना स्वतःला उघडा पाडतो आहे. समर्थनासाठी उच्चारलेले प्रत्येक वाक्य आरोपपत्र होत जाते. प्रेक्षकांना नावे विचारून त्यांना टोपणनावे ठेवण्याची बुशची सवयही नट रंगमंचावर आणतो. त्यामुळे प्रेक्षक त्या सलगीत सामील होतो, आणि ही सलगीच सत्तेचे साधन होती हे त्याला उशिरा जाणवते.

मर्यादाही तेथेच आहे. सोंग जितके रंगते, तितका सोंगातला माणूस गोड वाटू लागतो. बावळट, भाबडा, बोलताना शब्द चुकणारा बुश पाहून प्रेक्षकाच्या मनात राग कमी होऊन लोभ वाढतो. याच माणसाच्या कारकिर्दीत २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले आणि त्यानंतर २००४ मध्ये मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले. 'तो मूर्ख होता' असे म्हणून हसले की निवडून देणारे मोकळे होतात. हास्य येथे माफीनामा होऊ शकते. फेरेलला हा धोका कळला असावा, असे प्रयोगातील एका क्षणावरून वाटते. हसण्याच्या भरात तो थांबतो आणि इराकमध्ये मृत्यू पावलेल्यांसाठी काही क्षण मौन पाळायला सांगतो. विनोदी प्रयोगात मौन ही सर्वांत अवघड गोष्ट असते. त्या मौनात सोंग गळून पडते आणि हिशेब उरतो. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते हा क्षण नसता, तर हा प्रयोग दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय नकलेचा विस्तार एवढाच ठरला असता.

'वऱ्हाड' : आपले सोंग, आपल्यापुरते

योगायोग असा, की ब्रॉडवेवर हे प्रयोग चालू असतानाच, फेब्रुवारी २००९ मध्ये, प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे निधन झाले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ते एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत. मराठवाड्यातील खेड्यातले कुटुंब लग्नासाठी विमानाने लंडनला निघते, एवढेच कथानक. प्रयोगाची खरी श्रीमंती बोलीत आहे. प्रमाण मराठीच्या रंगमंचावर आजवर गड्याच्या वा नोकराच्या तोंडी ऐकू येणारी बोली येथे नायकाची झाली. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग नव्या पिढीपर्यंत नेला, ही त्याच्या संहितेच्या सामर्थ्याची पावती होय.

फेरेलजवळ एकच सोंग आहे. देशपांडे यांच्याजवळ बावन्न. तरीही या बावन्नांच्या गर्दीत ज्याने राज्य केले असा माणूस प्रयोगाचे लक्ष्य होत नाही. हसू आहे ते आपल्या अडाणीपणाचे, भाबडेपणाचे, हौसेचे. 'रामनगरी'तही राम नगरकर आपल्या न्हावी समाजातील अनुभवांकडे व स्वतःच्या फजितीकडेच वळतात. हा आत्मोपहास निकोप आणि उदार आहे, यात शंका नाही. पण गावाला विमान इतके अपरिचित का राहिले, हा प्रश्न त्याच हसण्याच्या पोटात दडलेला आहे. तो विचारायचा तर ज्याच्याकडे बोट दाखवावे लागेल, ते पात्र रंगमंचावर नाही.

उपहास गेला कोठे?

मराठीत सत्ताधीशाचा उपहास झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो दुसऱ्या घरी राहायला गेला. पु. लं.नी 'पुढारी पाहिजे' लिहिले ते लोकनाट्य म्हणून. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आले आणि दादा कोंडके चालू राजकारणावरचे शेरे प्रयोगागणिक नव्याने पेरीत राहिले. वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई असे अनेक जण असतात. थट्टेची जबाबदारी वाटली जाते आणि राजा कोणत्याही काळातला असू शकतो. एकपात्री नटाला हे संरक्षण नसते. तोच बोलतो, तोच दिसतो, तोच जबाबदार असतो.

पु. लं.च्या बाबतीत आणखी एक विभागणी दिसते. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी सत्ताधाऱ्यांविरुद्ध सभा गाजवल्या. १९९६ मध्ये 'महाराष्ट्र भूषण' स्वीकारताना तत्कालीन राज्यकर्त्यांच्या ठोकशाहीच्या भाषेबद्दल खेदही व्यक्त केला. हे धैर्य निःसंशय होते. पण ते सभेच्या व समारंभाच्या व्यासपीठावरचे होते. एकपात्री रंगमंच मध्यमवर्गीय आठवणींसाठी आणि व्यासपीठ राजकारणासाठी, ही वाटणी जणू गृहीत धरली गेली. तीच पुढच्या एकपात्री कलावंतांनी वारशासारखी सांभाळली.

सोंगाविना शेरा

मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या 'नया भारत' या कार्यक्रमाची चित्रफीत प्रसिद्ध झाली. तत्कालीन उपमुख्यमंत्री व माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता त्यात एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. २३ मार्चच्या रात्री शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतील खार येथील प्रयोगस्थळाची मोडतोड केली. कामरांवर गुन्हा नोंदवला गेला. मोडतोडीप्रकरणी कार्यकर्त्यांनाही अटक होऊन जामीन मिळाला. पुढे एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामरांना अटकेपासून संरक्षण दिले. मोडतोडीचे समर्थन कोणत्याही नाट्यविचारात बसत नाही. तथापि समीक्षेला आविष्काराचाही विचार करावा लागतो.

हा कार्यक्रम सोंगाचा नाही, शेऱ्याचा आहे. विनोदकार स्वतःच्याच नावाने व स्वतःच्याच कपड्यांत बोलतो. त्यामुळे बोलण्याला थेटपणा येतो; पण समोर व्यक्तिरेखा उभी राहत नाही. सत्ताधीश आतून कसा विचार करतो, स्वतःला कसे पटवतो, हे सोंगातून दिसते. शेऱ्यातून केवळ वक्त्याचे मत दिसते. आधीच सहमत असलेला टाळी वाजवतो आणि असहमत असलेला दुखावतो. मधल्या माणसाला हलविण्याची ताकद सोंगात अधिक असते, कारण सोंगाला हसता हसता तो स्वतःच्या मताला हसू लागतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, माजी सत्ताधीशावरील एकपात्री उपहास तेव्हाच सार्थ होतो, जेव्हा तो व्यक्तीच्या लकबींवरून पदाच्या कृतींकडे जातो. फेरेलच्या प्रयोगातील मौन याचा पुरावा आहे. दुसरी, मराठी एकपात्रीने माणसे उभी करण्यात जे सामर्थ्य मिळविले, ते सत्ताधीशाच्या व्यक्तिरेखेसाठी फारसे वापरलेले नाही. तिसरी, सोंगाविना शेरा धाडसी असला, तरी नाट्य म्हणून अपुरा राहतो. 'वऱ्हाड'ची माणुसकी असलेला आणि त्यात एक माजी राज्यकर्ताही बोलका झालेला प्रयोग मराठीला अजून हवा आहे. बावन्न पात्रांत त्रेपन्नाव्याची भर, एवढीच ही मागणी आहे.

ही मागणी व्यावसायिक रंगभूमीपुरती नाही. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात प्रहसन, मूकाभिनय आणि नकला सादर होतात. खेड्यापाड्यांतून आलेले विद्यार्थी सरपंच, आमदार, मंत्री यांची सोंगे विलक्षण अचूकपणे घेतात. तालमीत ती पाहून आपण प्राध्यापक पोट धरून हसतो आणि महोत्सवाच्या आदल्या दिवशी संहितेतून ती वगळतो; कारण प्रमुख पाहुणे कोण आहेत, हे आपल्याला माहीत असते. आजी पाहुण्यांचे सोंग नको म्हणणे एक वेळ समजू शकते. पण माजीचेही नको, मग काल्पनिकाचेही नको, असे करीत करीत विद्यार्थ्याच्या हाती शेवटी विसरभोळा प्राध्यापक आणि दारुडा एवढेच उरतात. मराठी एकपात्रीतील रिकामी जागा नाट्यगृहात तयार झालेली नाही. ती आधी महाविद्यालयाच्या तालीमखोलीत, आपल्याच लाल पेन्सिलीने तयार होते.