सल्ल्याचा अधिकार आणि शाळेचा कारभार

भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील चौथ्या परिच्छेदात जनजाती सल्लागार परिषदेची योजना आहे. तिचे सदस्य जास्तीत जास्त २०. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हे विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी. या जमातींचे कल्याण व उन्नती यांविषयी राज्यपाल जे विषय सोपवतील त्यांवर सल्ला देणे, हे तिचे कर्तव्य होय. परिषदेची मर्यादा या वाक्यरचनेतच दडलेली आहे. स्वतःहून विषय मांडण्याचा अधिकार हा परिच्छेद तिला देत नाही; दिलेल्या सल्ल्याचे काय झाले हे सांगण्याचे बंधनही तो कोणावर घालीत नाही.

राहुरीतून पाहिले असता ही उणीव अधिक स्पष्ट होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील विधानसभा मतदारसंघही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. राहुरी तालुका त्या क्षेत्राबाहेर असून तेथील मतदारसंघ सर्वसाधारण आहे. सरकारी प्राथमिक शाळा मात्र दोन्हीकडे एकाच जिल्हा परिषदेच्या. मग राहुरीतील भिल्ल वा ठाकर मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न परिषदेपुढे कोणी न्यावा?

यावर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीचा दाखला दिला जाईल, आणि तो विचारार्ह आहे. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असते, आणि शाळेचा विकास आराखडाही तीच तयार करते. तथापि निकष प्रमाणाचा असल्यामुळे, जेथे आदिवासी घरे थोडी तेथे त्यांच्या वाट्यास एखादीच जागा येणार. शिवाय शिक्षकांच्या बदल्यांसारखे प्रश्न एका शाळेच्या आवाक्यातले नव्हेत. ते जिल्ह्याच्या पातळीवरचे आहेत, आणि नेमकी तीच पायरी आपल्याकडे रिकामी आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हीच पायरी निवडली. २०२३ च्या कायद्याने तेथील प्रत्येक शाळामंडळास आदिवासी शिक्षण परिषद स्थापणे बंधनकारक झाले, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या निधीच्या विनियोगास तिची संमती आवश्यक ठरली. तेथे सल्ल्यामागे नकाराचे बळ उभे आहे.

त्या व्यवस्थेची नक्कल येथे सुचवावयाची नाही. परंतु जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला जोडून, अनुसूचित क्षेत्राच्या सीमेवर न थांबणारी, स्वतःहून विषय मांडू शकणारी आणि लेखी उत्तर मागू शकणारी परिषद असावी, एवढे निश्चितपणे म्हणता येते. तोवर सल्लागारपद हे मानाचेच राहील.