विसंगत मापनांचे सामर्थ्य आणि मर्यादा

डिसेंबर १९८४ मध्ये बंगलोर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत चार्ल्स बेनेट व जील ब्रासार्ड यांनी सादर केलेला पुंज-गुप्तलेखनावरील निबंध अवघा पाच पानांचा आहे. गुप्त किल्लीचे वितरण व दूरस्थ नाणेफेक हे त्याचे दोन विषय. कीर्ती पहिल्यास लाभली. परंतु परस्परविसंगत मापनांपासून संदेशवहनास काय मिळते आणि काय मिळत नाही, हे दोन्ही भाग एकत्र वाचल्यावाचून कळत नाही.

मापनाने अवस्था बिघडते म्हणून चोरी उघडकीस येते, हा प्रचलित खुलासा अपुरा आहे. सर्व फोटॉन उभ्या-आडव्या ध्रुवणातच पाठविले, तर तिऱ्हाइताने त्याच दिशांनी मापन करून तसेच फोटॉन पुढे धाडल्यास काहीच बिघडणार नाही. उभ्या-आडव्या मापनास निश्चित उत्तर देणारा फोटॉन तिरप्या मापनात दोहोंपैकी कोणतेही उत्तर समसमान संभाव्यतेने देतो. आणि प्रेषकाने कोणती दिशा योजिली हे तिऱ्हाइतास वेळेवर ठाऊक नसते. संरक्षण येते ते या दोन गोष्टींच्या संयोगातून. त्याची निवड निम्म्या वेळा चुकते व चुकलेल्यांपैकी निम्म्या वेळा ग्राहकास चुकीचा अंक मिळतो. प्रत्येक फोटॉन अडविल्यास राखलेल्या अंकांत सुमारे चतुर्थांश चुका आढळतात. असे २० अंक ताडून पाहिले, तर चोरी लपून राहण्याची संभाव्यता हजारात सुमारे ३ एवढीच उरते.

नाणेफेकीत प्रेषक सर्व फोटॉन एकाच प्रकारच्या ध्रुवणात पाठवितो व ग्राहक तो प्रकार ओळखू पाहतो. मागाहून प्रेषकास खोटे बोलावयाचे असेल, तर विसंगत मापनाची उत्तरे अंदाजाने सांगावी लागतील, आणि तो पकडला जाईल. मात्र त्याने परस्परबद्ध जोड्यांतील एकेक फोटॉन स्वतःजवळ ठेविला, तर ग्राहकाचा अंदाज ऐकल्यावर तो सोयीचे मापन निवडून अचूक उत्तरे देऊ शकतो. ही पळवाट लेखकांनी स्वतःच दाखविली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु फोटॉन दीर्घकाळ जतन करणे दुष्कर आहे, या दिलाशावर ते विसावतात. सुरक्षितता तंत्राच्या अडचणींवर नव्हे, तर निसर्गनियमांवर उभी राहावी, ही तर त्यांच्याच निबंधाची प्रतिज्ञा! ती येथे ढळते.

१९९७ मध्ये डॉमिनिक मेयर्स यांनी, तसेच होई-क्वोंग लो व एच. एफ. चाऊ यांनी दाखवून दिले की, अशा नाणेफेकीच्या मुळाशी असलेले 'वचनबंधन' केवळ पुंजयामिकीच्या बळावर निर्दोष होऊ शकत नाही. याउलट, किल्ली-वितरणाच्या सुरक्षिततेस पुढे रीतसर सिद्धता लाभली.

या भेदाचे कारण स्पष्ट आहे. किल्ली-वितरणात दोघे पक्ष परस्परांवर विश्वास ठेवतात व वैरी बाहेरचा असतो. नाणेफेकीत वैरी त्या दोघांपैकीच एक असतो. ज्याला मापनाची निवड लांबणीवर टाकता येते, त्याला विसंगती बांधून ठेवीत नाही; उलट तीच त्याच्या हातचे साधन होते. म्हणून विसंगत मापनांस सर्वत्र पुरणारे कवच मानणे हा या निबंधाचा अर्धाच अर्थ होय. दुसरा अर्धा त्याच पाच पानांत आहे.