नाकावाटे मेंदूत : बातमीत न आलेले

जाफराबादच्या एका शाळेच्या विज्ञान-कोपऱ्यात वर्तमानपत्राचे एक पिवळे पडलेले कात्रण आम्ही पाहिले. बातमी जानेवारी 2021 ची. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात 16 महिन्यांच्या मुलीच्या मेंदूतील 3 सेंटिमीटरची गाठ दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे काढली. घटना खरी, कौतुकाचीही. बातमी मात्र आम्हाला अपुरी वाटली.

'चिरफाड न करता' असे तीत म्हटले आहे. कवटी वरून उघडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. नाकाच्या पाठीमागे जतुकास्थी नावाचे हाड असते. मोठ्या माणसात ते आतून पोकळ असते. त्या पोकळीचे छत फोडले की पियुषिका ग्रंथी लागते. 1907 साली ऑस्ट्रियात श्लोफर यांनी नाक बाजूला वळवून याच ग्रंथीपर्यंत मजल मारली होती. म्हणजे वाट जुनीच, दुर्बीण नवी. पण तान्ह्या मुलात ही पोकळी तयार झालेलीच नसते. तेथे भरीव हाड कोरावे लागते, तेही इवल्याशा नाकपुडीतून, दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असताना. मग मेंदूचे आवरण कापायचे आणि शेवटी नाकातल्या पडद्याचेच अस्तर उलटवून ते भोक बुजवायचे. नाहीतर मेंदूभोवतीचा द्रव नाकातून गळतो आणि जंतूंना आत वाट मिळते. वर्गात सांगण्यासारखे होते ते हेच, आणि नेमके तेच गळले!

'जगातील सर्वांत लहान रुग्ण' हा विक्रम मात्र ठळक अक्षरांत. क्रिकेटचा धावफलकच जणू. क्रेनिओफॅरिंजिओमा ही गाठ कर्करोगाची नसली तरी चिवट असते, पुन्हा वाढू शकते आणि मुलाला अनेकदा जन्मभर संप्रेरके औषध म्हणून घ्यावी लागतात. शिवाय मुलांच्या मेंदूतील कितीतरी गाठी मागे, अनुमस्तिष्कात होतात. तिथे नाकाची वाट कामाची नाही. एखाद्या पालकाने हे कात्रण वाचून नाकाचाच हट्ट धरला, तर दोष कोणाचा?

"सर, आपल्या वर्गात असं मूल असेल तर ओळखायचं कसं?" कात्रण लावणाऱ्या बाईंनी विचारले. आईच्या खुणांना मुलगी प्रतिसाद देईना, म्हणून तपासणी झाली होती. हे बातमीत एका ओळीत उरकले आहे. शाळेच्या वयात चित्र वेगळे दिसते. उंची वाढायची थांबते. मूल सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते. कडेचे दिसत नाही म्हणून दाराच्या चौकटीला धडकते. सकाळी डोके दुखते, उलटी होते. यांतले प्रत्येक लक्षण साध्या कारणानेही दिसते. पण दोन-तीन एकत्र आली, तर नुसता चष्मा करून न थांबता डॉक्टरांकडून जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी, असे आम्ही सांगितले.

बाईंनी ही लक्षणे कात्रणाखालीच पेनने लिहून काढली.