बायकामुलें आधीं

शिकागो शहरांतील क्लार्क रस्त्यावर ‘विमेन अँड चिल्ड्रन फर्स्ट’ हें पुस्तकांचें दुकान आहे. तें पाहावयास आम्ही गेलों, तेव्हां प्रथम कौतुक वाटलें तें नांवाचें. बुडत्या जहाजावरील बायकामुलांस आधीं होडींत उतरवावें, हा पुरुषी दाक्षिण्याचा जुना संकेत. तोच येथें मिस्किलपणें पाटीवर चढला आहे! अ‍ॅन क्रिस्टोफरसन व लिंडा बुबॉन या दोघींनीं १९७९ सालीं हें दुकान काढलें. २०१४ मध्यें तें नव्या मालकिणींच्या हातीं गेलें.

स्त्रियांचें साहित्य निराळें मांडणें म्हणजे त्यास माजघरांत बसविणें होय, असा एक आक्षेप आहे. तो अगदींच फोल नाहीं. निराळ्या कपाटांत एखादें सुमार पुस्तकही केवळ लेखिकेच्या नांवावर जागा अडवूं शकतें. परंतु सामाईक कपाटानें तरी काय दिवे लावले? ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ सालीं निघाला. स. गं. मालशे यांनीं १९७५ मध्यें तो पुन्हां प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाचकांस त्याची जवळजवळ ओळखच उरली नव्हती. उपरोधाची धार, युक्तिवादाचा आवेश, बोलीचा ठसका, यांत तो कशानें उणा होता? त्याला जपणारी फळी तेवढी नव्हती.

माजघराची भीति मात्र आम्हांस मुलांच्या पुस्तकांपाशीं कमी वाटूं लागली. तेथें एक मुलगा, नायिका मुलगी असलेली साहसकथा घेऊन, जमिनीवर फतकल मारून बसला होता. आई दोनदां हांक मारून गेली, तरी तो उठेना.